मिनी ट्रॅक्टरच्या हायड्रोलिक पाइपांना गार्ड आणि क्लॅम्प: दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या मार्चअखेर, खरड छाटणीच्या आधी, दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत शेणखत टाकत होतो. डंपिंग ट्रॉली अर्धी वर गेली आणि ऑइलच्या दाबाने ती उचलणारा हायड्रोलिक पाइप फुटला. ट्रॉली धाडकन खाली बसली, ऑइल वेलींच्या बुडाशी सांडलं. पाइप दांडीखाली लोंबायचा आणि ओळीत वळताना अँगलला घासायचा. वरचं रबर केव्हाच गेलं होतं, आतली तार गंजून लाल झाली होती, आणि मी रोज त्याच्याकडे बघत होतो.

त्याच्या आठवडाभर आधी पल्टी नांगराच्या पाइपातून वाफेसारखा बारीक फवारा येत होता. पुतण्या कुठून गळतंय ते हाताने चाचपायला गेला. मी ओरडून त्याला थांबवलं. दीडशे-दोनशे बारच्या दाबाने निघालेलं ऑइल हातमोज्यातूनही कातडीत घुसतं. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, पण आत मांस सडायला लागतं. असं कुणाला झालंच तर घरी हळद लावत बसू नका. तडक दवाखान्यात जा आणि ‘हायड्रोलिकचं ऑइल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठा लांब धरून शोधावी. पाइपाला हात लावण्याआधी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर पुढेमागे हलवून दाब काढून टाका.

मग एप्रिलमध्ये ट्रॉलीला आणि नांगराला नवे दोन तारी (रबरात तारेच्या जाळीचे दोन थर असलेले) पाइप करून घेतले. सोबत पाइपाभोवती गुंडाळायचं प्लास्टिकचं स्पायरल गार्ड, पाइपावर चढवायची नायलॉनची बाही, रबर लावलेले सहा क्लॅम्प आणि कपलरची, म्हणजे पाइप ट्रॅक्टरला जोडायच्या सांध्याची, टोपणं आणली.

पहिल्या दिवशी मी मोठी चूक केली. पाइप हलायलाच नको म्हणून काळ्या केबल टायने करकचून आवळला. जूनमध्ये टाय कापले तर प्रत्येक टायखाली पाइपाला कंबरेसारखी खाच पडलेली. दाब आला की पाइप जागच्या जागी आखडतो किंवा थोडा लांबतो. चांगल्या पाइपातही शंभरात चारपर्यंत आखडणं धरलेलं असतं, म्हणजे दीड मीटरच्या पाइपाला सहा सेंटीमीटर. तेवढी ढील दिली नाही तर सगळा ताण टोकाच्या जोडावर जातो. आता क्लॅम्प जिथे आहे तिथे पाइप पक्का धरलेला असतो आणि दोन क्लॅम्पच्या मध्ये हलकी झोळ असते. क्लॅम्पसाठी आधीपासून असलेली बोल्टची भोकंच वापरली, ट्रॅक्टरच्या अंगावर कुठे नवं भोक मारलं नाही.

नांगराचं गणित वेगळं. खाली असताना पाइप छान बसलेला दिसतो, पण लिफ्ट पूर्ण वर घेतली की तोच पाइप टॉप लिंकच्या (नांगर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या वरच्या दांड्याच्या) खाली चेपतो. म्हणून क्लॅम्पची जागा ठरवताना इंजिन मंद ठेवून नांगर वर, खाली, दोन्ही बाजूंना पलटी करून लांबून बघितलं, आणि बंद करून मगच बोल्ट आवळले. अर्ध्या इंची दोन तारी पाइपाला अठरा सेंटीमीटरच्या त्रिज्येपेक्षा आवळ वळण देऊ नये. पाइपावर छापलेली अक्षरांची रेघ बघायची: ती सरळ असेल तर ठीक, वेटोळे घेत गेली असेल तर पाइप पिळलेला आहे, जोड सैल करून पुन्हा बसवा.

स्पायरल गार्डबद्दल माझं मत दुहेरी आहे. अँगल आणि छाटलेल्या काड्यांपासून त्याने पाइप खरंच वाचवला, गार्डवर चरे आहेत, पाइपावर नाहीत. पण पावसाळ्यात आपली काळी माती वेटोळ्यांत घुसून बसते, वाळते, आणि तीच आतून पॉलिश पेपरसारखी पाइप घासते. दर पंधरवड्याला पाण्याने धुवावंच लागतं. सीटमागे, माणसाच्या अंगाजवळून जाणाऱ्या पाइपाला मात्र नायलॉनची बाहीच घाला. पाइप फुटला तर धार थेट अंगावर येत नाही.

टोपणं स्वस्त आणि बिनतक्रार. कपलरवर कचरा बसला तर तो थेट वॉल्व्हमध्ये जातो.

ऑक्टोबर छाटणीनंतर बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी सुरू झाली आणि पाइपांच्या टोकांवर तांबूस डाग आले. मोरचूद लोखंडाला खातं, म्हणून तर आपण ते लोखंडी बादलीत कालवत नाही. आता फवारणी झाली की त्याच संध्याकाळी टोकं धुऊन ग्रीसचा हात फिरवतो, डाग वाढले नाहीत.

सहापैकी दोन क्लॅम्पचं रबर ऑइल लागून फुगलंय, ते बदलणार. खर्च पाइप सोडून दीड हजाराच्या आत बसला. सध्या काढणी चालू आहे, क्रेट भरून ट्रॉली दिवसातून आठ-दहा फेऱ्या करते. कालच पाइप टोकापासून टोकापर्यंत पुसून बघितला, कुठेही तार दिसली नाही.