अलिबागला अटल सेतूवरून की रो-रोने? दोन्ही वापरून केलेला धुराचा हिशोब

मी राहतो परळला, आईवडील चौलला. त्यामुळे गेले कित्येक महिने कधी अटल सेतूवरून, तर कधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोने, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीने, ये-जा चालू आहे. वेळ आणि पैशांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला धुराबद्दल लिहायचंय.

आधी पूल. 21.8 किलोमीटरच्या या पुलात 5 लाख टन सिमेंट आणि पावणेदोन लाख टनांहून जास्त पोलाद गेलंय. टनामागे सिमेंटचा 0.7 आणि पोलादाचा सव्वादोन टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर पहिली गाडी चढण्याआधीच साडेसात लाख टन हवेत गेला. खडी, यंत्रं, देखभाल वेगळीच. आकडा छातीत धडकी भरवणारा आहे खरा. पण आयुष्य 100 वर्षं आणि वाहनं रोज 22 हजार धरली, की एका फेरीच्या वाट्याला जेमतेम किलोभर येतो. अर्ध्या लिटरहून कमी पेट्रोल! वाशीचा 15 किलोमीटरचा वळसा वाचला की तो सहज फिटतो, पण ती गाडी आधीही वाशीमार्गे जात असेल तरच. 12 जानेवारी 2024 ला पुलाचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. ती लोकल सोडून कुणी पुलावर गाडी काढत असेल, तर सगळं मुसळ केरात.

शिवाय वेग. पुलावर 100 ची मुभा आहे, पण 80 वर राहिलं की माझी गाडी लिटरमागे दोन-तीन किलोमीटर जास्त देते. हे मी टाकी फुल करून, पुन्हा पुन्हा ताडून पाहिलंय.

आता रो-रो. पुलावरून अलिबाग 80 किलोमीटरच्या वर पडतं, मांडव्याहून साधारण 20. म्हणजे बोटीमुळे माझं सव्वातीन लिटर पेट्रोल वाचतं. पुलाचा वाटा धरूनही बोटीने माझ्या गाडीमागे 3 लिटरपेक्षा जास्त डिझेल जाळलं, तर फायदा संपला. शनिवारी सकाळी खालच्या डेकवर आरशाला आरसा लागेल इतक्या गाड्या लावतात, दार उघडून बाहेर पडायला अंग चोरावं लागतं. शंभरेक गाड्या असल्या तर 300 लिटरची मुभा मिळते आणि वर बसलेली माणसं वेगळी. मंगळवारी दुपारी मात्र त्याच डेकवर वीसेक गाड्या. पायाखाली इंजिनांची थरथर तेवढीच. एवढं जहाज तासभर 60 लिटरवर चालणं शक्यच नाही. रिकाम्या फेरीत पूलच जिंकतो.

आणि गाडी न्यायचीच कशाला, हा खरा प्रश्न आहे. सत्तर किलोच्या माणसासाठी टनभर लोखंड समुद्रावरून वाहून न्यायचं! एकटा असेन तर मी आता पाठीवर सॅक टाकून वरच्या डेकवर बसतो आणि मांडव्याहून बस किंवा विक्रम (शेअर रिक्षा) पकडतो. बोट तशीही जाणारच असते, माझ्यामुळे तिचं डिझेल वाढत नाही.

नॉर्वेत 2015 पासून 'अँपिअर' ही बॅटरीवरची बोट गाड्या वाहते. केरळात वैकमला 2017 पासून सौरबोट चालते. मांडव्याचा तासाभराचा पल्ला बॅटरीला जड आहे, पण बोट धक्क्याला लागलेली असताना तरी किनाऱ्यावरची वीज घेऊन इंजिनं बंद ठेवता यावीत, अशी माझी मनापासून मागणी आहे. पुलावर काही शिवनेरी धावतात, तशा अलिबागच्या एसटीही वाढायला हव्यात.

चौघं असू आणि सामान असेल, तर शनिवार-रविवारी रो-रो, आडवारी पूल 80 च्या वेगाने. एकटं असाल तर गाडी घरीच ठेवा.