ग्रुपसोबत की आईसोबत?

मालिका चाहत्यांच्या ग्रुपसोबत पाहावी की घरच्यांसोबत? मी दोन्ही केलंय. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा सीझन आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला यायचा. एपिसोड संपतो न संपतो तोच रेडिट या ऑनलाइन चर्चामंचावर चाहत्यांच्या ग्रुपमध्ये तर्कांचा पाऊस. बारीकसारीक तपशीलही कुणीतरी हेरलेला. माझी नजर तयार झाली ती तिथेच. पण शेवटचा भाग यायच्या आधीच ‘सीझन पुन्हा बनवा’ या याचिकेवर दहा लाखांवर सह्या झाल्या, आणि मी तो भाग रुसूनच पाहिला. ती हळहळ अजून आहे.

कोथरूडच्या घरी आईबरोबर असं होत नाही. मटार सोलता सोलता ती थांबते, शेंग हातात तशीच. “अगं, ही खोटं बोलतेय.” तिला कुणी सांगितलेलं नसतं.

पहिल्यांदा पाहताना मी आईशेजारीच बसेन. ग्रुप दुसऱ्या दिवशी.