बेंटनव्हिल की स्प्रिंगडेल? आर्कन्सॉमध्ये घर बघताय तर

वॉलमार्टची ऑफर आली की आपले लोक डोळे झाकून बेंटनव्हिलमध्येच अपार्टमेंट शोधतात, पण आय-49 हायवेने अर्ध्या तासावर स्प्रिंगडेल आहे आणि दोन्हीकडची वस्ती इतकी वेगळी की एकदा बघून तरी घ्या.

बेंटनव्हिल 2000 साली वीसेक हजारांचं गाव होतं, 2020 च्या जनगणनेत 54 हजार. वॉलमार्टचं हेड ऑफिस आणि वॉलमार्टला माल विकणाऱ्या कंपन्या, त्यामुळे जो तो ऑफर लेटर घेऊनच आलेला. भारतीय भरपूर, क्रिकेट आहे, देऊळ आहे. वॉलमार्टच्या संस्थापकाची मुलगी एलिस वॉल्टन यांनी 2011 मध्ये उघडलेलं क्रिस्टल ब्रिजेस म्युझियम तर अख्ख्या साउथमध्ये नाव काढावं असं, आणि कायमचं कलेक्शन बघायला तिकीट नाही. पण घरं महाग, आणि शेजारी ओळखीचे होईपर्यंत त्यांची बदली होते. आणि हो, या काउंटीत 2012 पर्यंत दारूची दुकानं नव्हती, म्हणजे हा चकचकीतपणा तसा नवाच.

स्प्रिंगडेल 84 हजारांचं, टायसनचं, म्हणजे चिकन प्लांटचं गाव. एक तृतीयांशाहून जास्त लोक लॅटिनो, आणि पॅसिफिकमधल्या मार्शल आयलंड्स या बेटांचे हजारो लोक, अमेरिकेच्या मेनलँडवरची त्यांची सगळ्यात मोठी वस्ती इथेच, त्यांचं कॉन्सुलेटसुद्धा आहे. त्यांच्या बेटांवर अमेरिकेने 1946 ते 58 मध्ये 67 अणुचाचण्या केल्या, पुढे 1986 पासूनच्या कराराने त्यांना इथे व्हिसाशिवाय राहता आणि काम करता येतं (एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनो, जळू नका, किंमत बघा काय मोजलीये). बाळाचा पहिला वाढदिवस, केमेम म्हणतात त्याला, म्हणजे अक्षरशः लग्नच, नातेवाईक, चर्चची मंडळी, जेवणाचे ट्रे, गाणी-नाच, सगळं आलं. ही माणसं इथे मुळं धरून बसलीयेत, मुलं शाळेत स्पॅनिश आणि मार्शलीज ऐकतच मोठी होतात.

माझं मत विचाराल तर नवीन लग्न, नवी नोकरी, बायको एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) दिवसभर घरी, तर पहिलं वर्ष बेंटनव्हिलच, आपली माणसं लागतात हो. पण घर विकत घ्यायचं असेल, मुलांनी फक्त ऑफिसवाल्यांच्याच मुलांत वाढू नये असं वाटत असेल, तर मी स्प्रिंगडेल घेईन. गाडीशिवाय दोन्हीकडे हालच. आणि सही करण्याआधी सकाळी ऑफिसच्या वेळेला आय-49 वर स्वतः गाडी चालवून बघा.