फक्त आर्किटेक्ट-इंटिरियरवाल्यांचं काम बघणारी सीए फर्म: जवळपास वर्षभराचा अनुभव

२०२४ च्या दिवाळीच्या आसपास मी सीए बदलला. आधीचे काका सदाशिव पेठेतले, बाबांच्या ओळखीचे, वर्षाला साडेतीन हजार घ्यायचे, जुलैत एक फोन, "बँक स्टेटमेंट पाठव गं", संपला विषय. आताची फर्म कर्वे रोडला आहे, आर्किटेक्ट, इंटिरियर डिझायनर असलेच क्लायंट घेतात आणि फी वर्षाला २४ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, जो मी रजिस्टर्ड नसल्यामुळे मला काही परत मिळत नाही. घरी आकडा ऐकून सगळे गप्पच झाले होते. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटायची.

आमच्या इंटिरियरच्या धंद्यातली गोम अशी की खात्यात येणारा सगळा पैसा आपला नसतो. क्लायंट म्हणतो प्लाय, हार्डवेअर, लाइट सगळं तूच घेऊन टाक, मी तुला ट्रान्सफर करतो. मग ते पैसे येतात आणि दोन दिवसांत भवानी पेठेत टिंबर मार्केटला जातात. २०२३-२४ ला माझी डिझाइन फी साधारण १२ लाख आणि असे येऊन-गेलेले १४ लाख. काकांनी दोन्हीची बेरीज केली, ४४एडीएखाली (खर्चाचा हिशेब न देता जमेच्या निम्मं उत्पन्न धरायचं आयकराचं कलम) निम्मं उत्पन्न धरलं, म्हणजे १३ लाख. फी १२ आणि उत्पन्न १३! शिवाय २६ लाख म्हणजे जीएसटीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या वर, ते वेगळंच.

नव्या फर्ममधल्या आर्टिकल (सीए होण्यासाठी शिकाऊ काम करणाऱ्या) मुलीने पहिल्याच मीटिंगला स्टेटमेंट एक्सेलमध्ये घेतलं आणि ओळी रंगवायला बसली, फी पिवळी, मटेरियल हिरवं, घरचं तसंच पांढरं. एका प्लायवाल्याच्या पेमेंटवर थांबून म्हणाली, "मॅम, हे बिल तुमच्या नावावर आहे का क्लायंटच्या?" म्हटलं त्याने काय होतं. तर सगळं त्यानेच होतं. बिल क्लायंटच्या नावावर, त्याच्या सांगण्यावरून मी फक्त पैसे पुढे दिले, वर एक रुपया ठेवला नाही आणि माझ्या बिलात ते वेगळं दाखवलं, तर ती माझी उलाढाल नाही. बिल माझ्या नावावर असेल तर माल मी घेऊन मी विकला असा त्याचा अर्थ. मग व्हॉट्सॲप, मेल, गाडीची डिकी, जिथून मिळतील तिथून बिलं जमवली, साधारण ९ लाखांची क्लायंटच्या नावावर निघाली. तेवढीच वगळून डिसेंबर संपायच्या आत रिव्हाइज्ड (दुरुस्त केलेलं) रिटर्न भरलं, रिफंड आला. उरलेले ५ लाख कसेतरी बसवून द्या असं मी म्हणून बघितलं, फर्मच्या सरांनी सरळ सांगितलं कागद नाही तर नाही. तिथे मला या लोकांवर भरवसा बसला.

आता क्लायंट शक्यतो दुकानदारालाच पैसे देतो, मी फक्त माल निवडते. बाणेरच्या एका बिल्डरचं अकाउंट्स डिपार्टमेंट फी आणि मटेरियल एकत्र धरून सगळ्यावर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापायचं, ते दोन वेगळी बिलं द्यायला लागल्यापासून थांबलं.

जीएसटी नंबर घेऊन टाक, मोठे क्लायंट मिळतात, असं मला किती जणांनी सांगितलं असेल. यांनी उलट विचारलं तुमचे क्लायंट कोण? बहुतेक फ्लॅटवाली कुटुंबं, त्यांना भरलेला जीएसटी क्रेडिट म्हणून परत मिळत नाही, म्हणजे माझी फी त्यांना थेट १८ टक्क्यांनी महाग. मर्यादा ओलांडायच्या आधी घेऊ म्हणाले आणि तोवर दर महिन्याची बेरीज मागतात. ॲडव्हान्स टॅक्सचा (वर्ष संपायच्या आधीच भरायच्या आयकराचा) मेसेज फेब्रुवारीतच येतो, कारण असं निम्मं उत्पन्न धरणाऱ्यांना तो १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो. प्रोफेशन टॅक्सचे वर्षाला अडीच हजार नोकरी नसली तरी स्वतः भरायचे असतात हेही इथेच कळलं, काकांनी कधी विषयच काढला नव्हता.

आता वैताग. फोन उचलत नाहीत. म्हणजे उचलतात, पण रिटर्नच्या सीझनला नाही, आणि २०२५ ला तारीख सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढल्यामुळे तो सीझनही लांबला होता. ती हुशार मुलगी परीक्षेच्या सुट्टीवर गेली, तिच्या जागी आलेल्या मुलाला मी प्लाय म्हणजे काय इथपासून सांगितलंय. बिलं टाकायचं त्यांचं पोर्टल मोबाइलवर धड चालत नाही, साइटवर उभं राहून फोटो अपलोड करायचा म्हणजे धीर लागतो. आणि २४ हजारांत नोटिशीचं उत्तर येत नाही, त्याचे वेगळे, हे करारात बारीक अक्षरात होतं.

अशी फर्म सगळ्यांनी घ्यावी का? नाही हो. माझी मैत्रीण घरून कंटेंट लिहिते, तिची दोन-तीन कंपन्यांकडून फी येते, टीडीएस कापलेला असतो, बस. तिने २६एएस आणि एआयएस (आपला टीडीएस आणि व्यवहार दाखवणारी आयकराच्या साइटवरची पत्रकं) बघून आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म स्वतः भरावा, फक्त एप्रिलमध्ये घाई करू नये, जानेवारी-मार्चचा टीडीएस मे संपेपर्यंत दिसत नाही बरेचदा. पण दुसऱ्याचा पैसा तुमच्या खात्यातून फिरत असेल, कॉन्ट्रॅक्टर असा, इव्हेंटवाले असा, तर ओळखीच्या काकांपेक्षा तुमच्या धंद्यातलं कळणारा माणूस परवडतो. मी पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत, पण नोटिशीच्या उत्तराचे किती ते आधी मेलवर लिहून घेतलंय.