मेंटॉरने हाताशी काय ठेवावं : श्लॉसबर्ग की अ‍ॅस्टिन?

सत्र सुरू झालं की मेंटॉरच्या, म्हणजे काही विद्यार्थ्यांची जबाबदारी दिलेल्या प्राध्यापकाच्या, हातात पंचवीस-तीस नावांची यादी पडते, सोबत नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी छापील फॉर्म. त्यातल्या ‘अडचण काय?’ या रकान्यात मुलं ‘काही नाही’ लिहून मोकळी होतात. पुढे बोलायचं कसं, यासाठी दोन अमेरिकी सिद्धांत उपयोगी आहेत. दोन्ही एकदम लागत नाहीत.

समुपदेशनतज्ज्ञ नॅन्सी श्लॉसबर्ग यांची १९८१पासून घडत गेलेली मांडणी स्थित्यंतराबद्दल, म्हणजे आयुष्यातल्या मोठ्या बदलाबद्दल, आहे. बदल पेलताना माणसाकडे काय आहे ते चार बाजूंनी बघायचं : परिस्थिती, तो स्वतः, आधार आणि मार्ग काढायच्या रीती. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती ‘न घडलेल्या घटने’ची कल्पना. दोनदा ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देऊन बी.एस्सी.ला आलेली मुलगी घ्या. हजेरी चोख, फी भरलेली. फॉर्मवर खरंच अडचण नाही. पण एमबीबीएसचं व्हायचं होतं ते झालं नाही, आणि घरी तो विषय कुणी काढत नाही. ती रोज आपल्याच वर्गात बसते नि आपल्याला पत्ता नसतो.

उच्चशिक्षणाचे अभ्यासक अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांचा १९८४चा सहभागाचा सिद्धांत सोपा : विद्यार्थी कॉलेजात जितका जीव ओततो, तितका तो घडतो. अभ्यास, उपक्रम, प्राध्यापकांशी गप्पा, सगळं त्यात आलं. कॉलेजला हा सोयीचा, कारण एनएसएस, जिमखाना, लायब्ररी अशा गोष्टी आपल्या हातातल्या. पण अ‍ॅस्टिन यांच्या मते कॅम्पसवर राहणं ही मोठी जमेची बाजू. आपल्याकडे सव्वातीनची एसटी चुकली की थेट साडेसहाची. ती पकडायला पळणाऱ्या मुलाला ‘सहभाग कमी’ म्हणणं हा निव्वळ अन्याय. उपक्रम दुपारी साडेबाराला ठेवा, मग बोला. (सर्टिफिकेटं मोजणं म्हणजे सहभाग मोजणं नव्हे, हेही जाता जाता.)

माझं मत : प्रथम वर्षाची यादी असेल तर श्लॉसबर्ग, डोळे झाकून. दुसऱ्या वर्षापासून, मूल रुळल्यावर, अ‍ॅस्टिन. उपक्रमांचं वेळापत्रक तुमच्याकडे असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून अ‍ॅस्टिन वाचा.

आणि फॉर्म बदलता येत नसेल तर निदान तोंडी प्रश्न बदला. ‘अडचण काय?’ऐवजी ‘इथे यायच्या आधी कुठे जायचं ठरलं होतं?’