गाडीचे टूल: घरी बनवावे, लेथवर करून घ्यावे का सरळ विकत आणावे?

ज्याच्या घरी स्प्लेंडर, प्लॅटिना नाहीतर शाईन आहे अन् छोट्या कामासाठीही तालुक्याला गेलं की अर्धा दिवस जाते, त्याच्या डोक्यात कधी ना कधी येतेच की आपलेच टूल जमवावे. मग दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एकजण म्हणतो सगळं वेल्डिंगवाल्याकडून बनवून घे, दुसरा म्हणतो ऑनलाइन पूर्ण किट मागव. दोन्ही अर्धेच बरोबर आहेत. मी एकच गोष्ट पाहतो, ते टूल कामाच्या मधातच फसलं तर काय मोडेल, टूल का गाडी? टूल मोडणार असेल तर बिनधास्त घरी बनवा. नटाचे कोपरे घासतील, इंजिनच्या अॅल्युमिनियममधले आटे जातील किंवा मोजमाप चुकेल, तिथं पैसे खर्च करा.

धरायचे अन् ओढायचे टूल घरचेच बरे. मॅग्नेटचा, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या वीज बनवणाऱ्या चाकाचा, नट सोडताना ते फिरू नये म्हणून जे होल्डर लागते ते दोन लोखंडी पट्ट्या, मधात एक नटबोल्ट अन् टोकाला दोन बोल्ट, एवढ्यात होते. पट्टी ५ मिमी जाड घ्या, पातळ घेतली तर ती वाकते अन् आपण नटाला शिव्या देत बसतो. स्टेअरिंगच्या खाचवाल्या नटासाठी आकड्याचा पाना लागते, तोही पट्टीला ग्राइंडरनं कापून जमते, फक्त दात कानसीनं नीट बसवा. ब्रेक शूच्या स्प्रिंगसाठी सायकलचा जुना स्पोक वाकवून आकडा करा, मागं लाकडी मूठ. आणि डबल स्टँडच्या स्प्रिंगला तर टूलच लागत नाही, स्प्रिंग एका बाजूला वाकवून वेटोळ्यांच्या फटीत वायसर सरकवायचे, मग दुसरीकडं वाकवून तिकडून, असं करत स्प्रिंग लांब झाली की हातानं अडकवायची. मग स्टँड खालीवर केलं की स्प्रिंग ताणते, वायसर आपोआप खाली पडतात. स्प्रिंगपुढं तोंड नेऊ नका एवढंच.

नट धरणारे टूल मात्र घरी बनवायच्या भानगडीत पडू नका. पाइप ठोकून केलेला प्लग पाना मी लय जागी पाहिला आहे, तो प्लगच्या षटकोनावर सैल बसतो अन् तिरका झाला की प्लगची पांढरी चिनीमाती तडकते. आधी सीटखाली पाहा, गाडीसोबत आलेल्या किटमध्ये प्लग पाना बहुतेक असतेच. बाकी ८ ते १७ पर्यंतचे रिंग पाने चांगल्या कंपनीचे घ्या, टपारियासारख्या. आठवडी बाजारात ताडपत्रीवर चमकणारा पूर्ण सेट स्वस्तात मिळते खरा, पण त्याचं तोंड दोन-चार घट्ट नटांत फाकते, मग तो घरच्या टूलपेक्षाही वाईट. स्क्रू ड्रायव्हरचं तसंच. होंडाच्या घराण्यातल्या गाड्यांच्या इंजिन कव्हरला जपानी मापाचे स्टार स्क्रू असतात, आपला साधा स्टार ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की उसळून वर येते अन् खाच गुळगुळीत. त्यासाठी हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, ज्याची गाडी जुनी आहे त्यानं तर पहिल्यांदा तोच घ्यावा.

आता मोजायचे टूल. प्लगचा गॅप पाहायला हॅक्सॉ ब्लेड चालते, साध्या हातआरीचं पातं साधारण ०.६३ मिमी जाड असते अन् बऱ्याच जुन्या शंभर सीसी गाड्यांत गॅप ०.६ ते ०.७ चाच लागते. दातांची बाजू नका वापरू, दात बाजूला फाकलेले असतात. काही गाड्यांना ०.८ ते ०.९ लागते, मॅन्युअल पाहून घ्या. पण टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायच्या बारीक फटीला, हा जुगाड नाही. तिथं अंतर ०.१ मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असते अन् कोणी कोणी वर्तमानपत्राचा कागद घालून पाहतात, कागद तर दाबला की दबते, तेलानं भिजला की अजूनच. फिलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, दीडशे-दोनशेत येते, घेऊन टाका. अन् इंजिन थंड असतानाच माप घ्या, आपल्याकडं मे महिन्यात दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी थंड म्हणायची नाही, पहाटे करा.

टॉर्क रेंचवर, म्हणजे नट मोजून ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यावर, लय जण अडतात कारण चांगला घ्यायचा म्हटला तर दोन-अडीच हजार सहज. इथं मात्र घरचा उपाय खरंच चांगला आहे. कापूस वेचणीच्या वेळी मजुरांचा कापूस मोजायला जो लटकवायचा काटा असते तो घ्या. पान्यावर नटाच्या मध्यापासून बरोबर २५ सेंमीवर खूण करा, तिथं काटा अडकवा अन् पान्याला काटकोनात ओढा. काट्यावर १० किलो आले की अडीच kgf-m (किलो गुणिले मीटर), म्हणजे साधारण २४.५ न्यूटन-मीटर झाले. ५ किलो म्हणजे त्याच्या निम्मं, लहान प्लगसाठी जवळपास तेवढंच लागते. कोणत्या नटाला किती हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असते. तिरका ओढला तर काटा जास्त दाखवते अन् नट कमी आवळला जाते, एवढं सांभाळा. ऑइलचा ड्रेन बोल्ट अन् चाकाचे नट यासाठी हे पुरेसं आहे. हेडच्या नटांना मात्र खरा रेंच पाहिजे, चारही सारखे अन् टप्प्याटप्प्यानं आवळायचे असतात, दरवेळी काट्याकडं पाहत ते जमत नाही.

दाबून बसवायची कामं स्वस्तात होतात. फोर्कचं सील ठोकायला पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसी तुकडा घ्या, आतून फोर्कच्या नळीवर सैल जावा अन् बाहेरून सीलपेक्षा किंचित लहान असावा, तोंड सरळ कापलेलं. चाकाचं नवीन बेअरिंग बसवायला जुनंच बेअरिंग बाहेरून थोडं घासून वरून ठेवा. टायर काढायच्या पट्ट्या मात्र विकतच्या, जुन्या कमानीच्या पट्ट्यापासून लोहार मजबूत करून देतो पण धार जराशी राहिली की ट्यूबला चिमटा बसते. पांदणीतल्या बाभळीच्या काट्यांनी पंक्चर होतेच, त्यात आपल्या हातानं अजून कशाला.

वायरिंगसाठी दोन्ही ठेवा. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब अन् दोन वायरी, झाला टेस्ट लॅम्प. गंजलेल्या जोडावर मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवते पण करंट जात नसते, तिथं बल्ब मंद पेटून खरं सांगते. चार्जिंग किती व्होल्टनं होते हे मात्र मीटरच दाखवीन. एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ गाडी असेल, फ्युएल इंजेक्शनची, तर सेन्सरच्या वायरींना बल्ब लावू नका, तो जास्त करंट ओढते अन् ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, महागात पडते.

ऑइल काढायला गोडेतेलाची पाच लिटरची कॅन आडवी कापली की काम झालं. फवारणीच्या औषधाच्या बाटलीची नळकी-फनेल कोणी करू नका, धुतली तरी नाही.

उरला मॅग्नेट पुलर. हा गाडीच्या आट्याप्रमाणंच लागते, घरी केलेल्या आकड्यानं कडा धरून ओढलं तर मॅग्नेट तडकते. लेथवर करून घ्यायला विकतच्यापेक्षा जास्त लागते, म्हणून विकतचाच. वर्षातून एकदाही लागत नाही, तर एकाच मॉडेलच्या गाड्या असलेल्या चार घरांनी मिळून एक घ्या अन् ज्याच्याकडं कुलपाची पेटी आहे त्याच्याकडं ठेवा.