जोधपूरमध्ये कुठे जेवावं? आधी महिना आणि वेळ सांगा

नोकरीमुळे जोधपूरला बिऱ्हाड हलवलं, त्याला आता तिन्ही ऋतू लोटले. या काळात बाहेरचं खाणं भरपूर झालं: कधी घरात गॅस जोडलेला नव्हता म्हणून, कधी पाहुणे आले म्हणून आणि बरेचदा निव्वळ आवडीने. महाराष्ट्रातून इकडे फिरायला येणारे ओळखीचे लोक फोन करून एकच विचारतात, "चांगलं हॉटेल सांग." मी उलट विचारते, कोणत्या महिन्यात येताय आणि किती वाजता खाणार? या गावात जागेपेक्षा वेळेला जास्त महत्त्व आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. सकाळी कढईतून निघालेली जी कचोरी खाऊन मन भरतं, तीच दुपारी चारला उचलली तर तेलकट आणि मऊ लागते. जानेवारीत जिच्यावर जीव ओवाळून टाकावा अशी थाळी मे महिन्यात अर्धी टाकून उठावं लागतं.

इथला उन्हाळा फक्त आकड्यांत सांगून कळत नाही, तरी एक आकडा सांगते. मे 2016 मध्ये फलोदीला 51 अंश तापमान नोंदवलं गेलं. फलोदी तेव्हा याच जोधपूर जिल्ह्यात होतं. असल्या मुलखात ताजी भाजी बारा महिने मिळणार कुठून? म्हणून इथलं मूळचं जेवण वाळवणावर, कडधान्यांवर, बेसनावर, दह्या-ताकावर आणि तुपावर उभं आहे. आज कालव्याचं पाणी शहरापर्यंत येतं आणि मंडईत सगळ्या भाज्या मिळतात, पण चव अजून त्या जुन्या टंचाईतून आलेली आहे. जे हॉटेल ही वाळवणं नीट हाताळतं ते चांगलं, इतकी साधी माझी कसोटी आहे. पनीर बटर मसाला कुठेही बरा मिळतो. केर-सांगरी, म्हणजे वाळवलेल्या केर आणि सांगरीची भाजी, तशी मिळत नाही.

सकाळपासून सुरुवात करते. प्याज कचोरी आणि मिरची बडा या गावच्या नाश्त्याच्या दोन मुख्य गोष्टी. घंटाघराजवळचं शाही समोसा आणि नई सडकेवरचं जनता स्वीट होम ही दोन नावं कुणीही सांगेल आणि ती उगाच मोठी झालेली नाहीत. मिरची बड्यात लांब, जाड, कमी तिखट मिरची चिरून त्यात बटाट्याचं आंबटसर सारण भरतात आणि बेसनात बुडवून तळतात. आपल्या मिरची भज्याच्या सवयीने खाल तर पहिला घास बुचकळ्यात टाकतो, कारण इथे मिरचीइतकंच बटाट्यालाही महत्त्व आहे. चांगला बडा ओळखायची खूण म्हणजे आतली मिरची अजून थोडी करकरीत असली पाहिजे. ती लिबलिबीत झाली असेल तर बडा दुसऱ्यांदा तळलेला आहे, असं समजा. गर्दीच्या दुकानाचा फायदा इथेच आहे: परात रिकामी होते आणि नवा घाणा पडतो. रांग दिसली तर वैतागू नका, रांगेतल्या दुकानातच खा. स्थानिक लोक मिरची बडा ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये दाबून खातात. मला तो नुसताच आवडतो, पण आमच्या मुलाला ब्रेडशिवाय चालत नाही.

प्याज कचोरी जड आहे. मोहन घातलेली पारी, आत परतलेला कांदा, बडीशेप, धने. एकीत दोघांचा नाश्ता सहज होतो. मावा कचोरी ही वेगळीच गोष्ट. तिच्यात मावा आणि सुकामेवा असतो आणि ती पाकात घोळवलेली असते. तिचं श्रेय रावत देवडा यांना दिलं जातं आणि रावत मिष्ठान्न भांडारात ती आजही मिळते. थंडीत ती फार छान लागते. उन्हाळ्यात मी तिच्या वाटेला जात नाही.

उन्हाळ्यातली दुपार बाहेर खाण्याची नाहीच, हे स्पष्टच सांगते. दुपारी बाराच्या आत किंवा सूर्य कलल्यावर घंटाघराजवळ जाऊन मिश्रीलाल हॉटेलची मखनिया लस्सी प्यावी. प्यावी म्हणायचं एवढंच, प्रत्यक्षात ती चमच्यानेच खावी लागते. पिवळसर, घट्ट, केशर-वेलदोड्याच्या वासाची, वर लोण्याचा गोळा. कोल्हापूर-पुण्याकडची पांढरी लस्सी डोक्यात ठेवून गेलात तर ही श्रीखंडाच्या जवळची वाटेल. गोड बरीच आहे, म्हणून पहिल्यांदा एकच मागवा आणि वाटून घ्या. तिच्यानंतर जेवण नको असतं, त्यामुळे मी ती जेवणाच्या जागीच मोजते. बाजाराच्या वेशीशी असल्याने गाडी लावायला जागा शोधत बसू नका. गाडी दूर ठेवून पायी या किंवा रिक्षा करा.

आता थाळीबद्दल. सरदारपुऱ्यातलं जिप्सी हे आमच्या घरचं ठरलेलं ठिकाण झालं आहे. शाकाहारी राजस्थानी थाळी, बसल्या जागी वाढणारे येत राहतात आणि आग्रह करतात. आईबाबा हिवाळ्यात आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम तिथे नेलं. बाबा सोलापूरचे, बाजरीच्या भाकरीत वाढलेले. वाढप्याने जाडसर सोगरा, म्हणजे इथली बाजरीची भाकरी, ताटात ठेवला आणि त्यावर तूप ओतलं, तेव्हा बाबांनी हात आडवा धरला. तो म्हणाला, "बाबूजी, सियाळे में घी सूं कांई डर?" म्हणजे हिवाळ्यात तुपाची कसली भीती? बाबांना शब्द कळले नसतील, पण हात बाजूला झाला. गूळ, तूप आणि सोगरा एवढ्यावर ते थांबले असते तरी त्यांना चाललं असतं. वाढणाऱ्याशी बोला, हा माझा सल्ला आहे. काय ताजं आहे, आज कोणती भाजी चांगली झाली आहे, हे तो खरं सांगतो. इथली माणसं बोलायला मऊ आहेत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सा" लावतात आणि लहान मुलालासुद्धा आदराने हाक मारतात.

थाळीतल्या सगळ्या वाट्या सारख्या तोलाच्या नसतात. गट्टे, म्हणजे बेसनाच्या उकडलेल्या वड्यांची भाजी, आणि कढी बहुतेक ठिकाणी जमलेली असते. खरी परीक्षा केर-सांगरीची. सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्याकडच्या शमीच्या, कोवळ्या शेंगा. त्या उकडून वाळवतात. केर हे काटेरी झुडपाचं कडवट, हिरवं, बोरापेक्षा लहान फळ. त्याचा कडवटपणा काढायला ते मिठाच्या पाण्यात किंवा ताकात दिवसच्या दिवस मुरवावं लागतं. यात कुमटिया नावाच्या झाडाच्या बिया, वाळलेली भोकरं आणि आमचूर पडलं की पंचकुटा होतो. ही भाजी घाईने होत नाही. नीट न भिजवलेला केर जिभेला कडू लागतो, आणि जास्त धुतला तर सगळी ओळख जाते. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोठ्या थाळीवाल्याकडे आम्हाला मिठाने खारट आणि आतून कोरडी अशी केर-सांगरी वाढली गेली, आणि विचारल्यावर "ऐसी ही होती है" हे उत्तर मिळालं. अशी नसते. चांगली असते तेव्हा तेलात मुरलेली, आंबट-तिखट आणि लोणच्याच्या वाटेवरची असते आणि दोन घास भाकरीबरोबर पुरतात. सुकी सांगरी सुक्यामेव्याच्या तोडीच्या भावाने विकली जाते, म्हणून वाटीत ती थोडीच आली तर तक्रार करू नका. बेचव आली तर जरूर करा.

या झाडाबद्दल इथल्या लोकांना जे वाटतं ते जेवताना आठवावं असं मला मनापासून वाटतं. खेजडी 1983 पासून राजस्थानचं राज्यवृक्ष आहे. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 साली ही झाडं वाचवताना 363 बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. दुष्काळात लोकांनी याच झाडाची साल दळून खाल्ल्याच्या नोंदी आहेत. ताटात कोपऱ्यात वाढलेली ती तपकिरी भाजी म्हणून मला कधी किरकोळ वाटली नाही, आणि पाहुण्यांनी ती न चाखता बाजूला सारली की वाईट वाटतं.

थाळीत किंवा वेगळी मिळाली तर चक्कीची भाजी मागवा. गव्हाचं पीठ मळून, पाण्यात धुऊन उरलेला चिकट गोळा उकडतात, तळतात आणि दह्याच्या रश्श्यात शिजवतात. मांसाहारी पाहुण्यांना ती बरीच आवडते. रबोडीही घ्या. मक्याचं पीठ ताकात शिजवून पापडासारखं वाळवतात आणि मग त्याची भाजी करतात. सांडग्याची आमटी आवडणाऱ्या मराठी माणसाला ही लगेच जवळची वाटेल. गुलाबजामची भाजी मात्र चारजणांत एक पुरे. बिनसाखरेचे माव्याचे गोळे आणि काजू-दह्याची ग्रेव्ही, एवढं सगळं एका जेवणात झेपत नाही. जोधपुरी काबुली भातात भाज्या, तळलेला ब्रेड आणि सुकामेवा यांचे थर असतात. तो मी कढीबरोबरच खाते, नुसता कोरडा होतो.

आता गच्चीवरच्या हॉटेलांबद्दल, कारण पर्यटकांचा सगळा ओढा तिकडे असतो. रात्री मेहरानगडावर दिवे लागतात तेव्हा खाली बसून तो पाहणं हे सुख खरंच मोठं आहे. पाल हवेलीतलं इंडिक त्यासाठी उत्तम. एका बाजूला गड, दुसरीकडे घंटाघर. तूरजी का झालरा या 1740 च्या दशकातल्या बावडीच्या काठावरचं स्टेपवेल कॅफे संध्याकाळच्या कॉफीला छान आहे. पायऱ्यांवरून पाण्यात उड्या मारणारी पोरं बघत बसता येतं. पण अशा जागी पैसे मुख्यतः नजाऱ्याचे असतात, म्हणून तिथे थोडं मागवावं, हळूहळू खावं आणि पोटभर जेवण दुसरीकडे करावं. जुन्या शहरातल्या एका गच्चीवर आम्हाला लाल मांस म्हणून चक्क टोमॅटोच्या ग्रेव्हीतलं मटण दिलं होतं, लाली सगळी टोमॅटोची. लाल मांसाचा रंग आणि धग मथानियाच्या मिरचीची असते. मथानिया इथून जवळच आहे, तिथली मिरची रंगाला गर्द आणि वासाला खमंग. त्यासोबत लसूण, दही, तूप आणि मंद आच. टोमॅटो लागतच नाही. मागवण्याआधी "मथानिया मिर्च का है?" असं विचारा. आचाऱ्याला आपल्या पदार्थाचा अभिमान असेल तर उत्तर लांबलचक येतं, आणि मग डोळे मिटून मागवा. अजित भवनाशेजारच्या ऑन द रॉक्सच्या बागेत हिवाळ्याच्या रात्री आम्ही खाल्लेलं लाल मांस माझ्या मनात अजून सर्वांत वर आहे. झाडाखाली बसायचं असल्याने शाल मात्र न्या. वाळवंटात सूर्य गेला की झटकन थंडी पडते.

कोजागरीच्या सुमारास इथे गडावर लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरतो. त्या दिवसांत गच्चीवर टेबल मिळणं कठीण, आधी सांगून ठेवावं लागतं. दिवाळी ते होळी हा एकूणच खाण्याचा काळ. मूगडाळीचा हलवा, दूध-फेणी, बाजरीचा खिचडा, सगळं तेव्हाच. श्रावणात घेवर हा जाळीदार गोड पदार्थ येतो. होळीनंतर आठव्या दिवशी शीतळा अष्टमीला घरोघरी आदल्या रात्रीचं थंड जेवण खातात. त्या दिवशी शेजारच्या काकीसांनी पाठवलेला पंचकुटा आणि दही-भात मी खाल्ला, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही हॉटेलातला पंचकुटा त्याच्या पुढे जात नाही. तुमची कुणाशी ओळख झालीच आणि घरी बोलावलं, तर हॉटेलचा बेत रद्द करा.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर दोन गोष्टी सांभाळा. जुन्या हवेल्यांमधल्या गच्च्यांचे जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे असतात. लिफ्ट आहे का ते फोनवर विचारून घ्या. आणि कमी तिखट, कमी तूप असं बसल्या बसल्या सांगा, मध्यात सांगून उपयोग होत नाही, तोवर फोडणी पडलेली असते. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी सकाळचा मिरची बडा आणि रात्रीचं लाल मांस एकाच दिवशी करू नये.

परत जाताना काय न्यावं, हेही बरेच जण विचारतात. सूर्यनगरी एक्स्प्रेसने वांद्र्यापर्यंतच्या प्रवासात कोरडी मावा कचोरी टिकते, पाक वेगळा बांधून द्यायला सांगा. मिरची बडा नेऊ नका, तो तासाभरातच मऊ पडतो. अख्खी मथानिया मिरची आणि केर-सांगरी मात्र जरूर न्या, पण पॅकबंद मिश्रण घेण्याऐवजी किराणा दुकानातून सुटी, वेगवेगळी घ्या. हाताने चाळून बघता येते. सांगरी बारीक आणि एकसारखी हवी, जाड शेंगा जून निघतात. केरही लहान दाण्याचाच चांगला. घरी दोन्ही रात्रभर वेगवेगळे भिजवा, सकाळी पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा, शिटी न काढता उकडा आणि तेलात हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर परतून शेवटी दही आणि आमचूर घाला. ताजी खाण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी बाजरीच्या भाकरीबरोबर जास्त छान लागते.